कोपऱ्यातली चौकट

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वसतिगृहापासूनची ही आपली सवय मोडू नकोस. फोनवर बोटं बडवून माझं पोट भरत नाही.

इकडची बातमी बरी नाही. आपली शाळा बंद करून मुलांना गावोगावच्या साध्या शाळांत पाठवणार अशी कुजबुज आहे. कुजबुज आम्हा बहिऱ्यांपर्यंत पोचली, म्हणजे ती किती मोठी असेल बघ. माझ्या सुतारकामाच्या वर्गाचं काय व्हायचं ते होवो, पण चिमणीचा विचार मनातून जात नाही. सहा वर्षांची पोर. तिच्या घरी एकालाही एक खूण येत नाही. आली तेव्हा नुसती मारायची आणि चावायची. आता जेवताना चमचा हवेत धरून खुणांनी बडबडते, वाढणारा कंटाळतो पण ती थांबत नाही. तिथे ती कुणाशी बोलणार?

म्हणून सगळ्यांचं लक्ष निवडणुकीतल्या दोन उमेदवारांच्या टीव्हीवरच्या चर्चेकडे आहे. स्वयंपाकी काकांचं म्हणणं, नळावरचं भांडण बघायला वीज कशाला जाळायची. पण आजवर आम्ही नुसती तोंडं उघडताना-मिटताना पाहिली. या वेळी कोपऱ्यातल्या चौकटीत तू खुणांची दुभाषी म्हणून उभी राहणार, म्हणजे पहिल्यांदाच आम्हाला काही कळणार. मत कुणाला द्यायचं ते मात्र मागाहून गुपचूप कळव.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा,
धाकटा


१३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

चर्चा पार पडली. खांदे भरून आलेत. स्टुडिओत एवढा गारठा की बोटं वळेनात, मधल्या जाहिरातीत मी ती चहाच्या कपाला लावून शेकत होते. तुमच्या शाळेचा प्रश्न विचारला गेला, ते तू पाहिलंच असशील.

मत कुणाला द्यायचं ते मला विचारू नकोस. बोललेलं ते दाखवायचं आणि उमेदवारांबद्दल स्वतःचं मत घरातही सांगायचं नाही, असा शब्द देऊन मी हे काम घेतलंय. तो मोडला तर उद्या तिथे तुमच्यासाठी कुणीच उभं राहणार नाही. एवढंच सांगते, माझ्याकडे कमी बघत जा, त्यांच्याकडे जास्त बघा.

दाढी वाढवली आहेस असं ऐकलं. रंध्याखाली लाकूड घालण्याआधी ती घाल.

आहे तसाच राहा, फक्त दाढी सोडून.
तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडे कमी बघायचं तर मग कुणाकडे, त्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे? ताई, काय सांगू. जेवणघरात पाय ठेवायला जागा नव्हती. दोघांतल्या वयाने मोठ्या उमेदवाराला शाळेबद्दल विचारलं तेव्हा तू हात छातीशी आणलेस, सावकाश, मला ताप आला की तू बोलायचीस तसे. मुलं, काळजी, जिव्हाळा. तुझा चेहरा असा होता की माझ्या शेजारचे शिंपीमास्तर रडायला लागले. सगळ्यांनी दोन्ही हात वर करून हलवले, ही आमची टाळी. चिमणी बाकावर उभी राहून सगळ्यांत शेवटपर्यंत हलवत होती.

तिथे ऐकू येणारे एकटे काका. त्यांनी दारातच पाटीवर लिहिलं, मुलं मनाच्या जवळची आहेत एवढंच तो म्हणाला, शाळा राहील असं काही म्हणाला नाही. आम्ही हसलो. मी त्यांना लिहून दाखवलं की काका, तुम्हाला नुसते कान आहेत. ते भांडी घासायला गेले.

शाळेतून शिकून गेलेल्या एकूण एकाच्या दारात मी त्या उमेदवारासाठी मत मागायला जाऊन आलो. ज्याला शंका होती त्याला सांगितलं, माझ्या बहिणीनेच तर दाखवलं. मग कुणी पुढे विचारलं नाही.

माझा अभिमान वाटू दे थोडा.
तुझा,
धाकटा


९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नाही, निरोप नाही. निवडून आल्यावर त्याने पहिल्या झटक्यातच तुमची शाळा बंद करायचा हुकूम काढला, ते मी पेपरात वाचलं.

चर्चेचं चित्रीकरण मी पुन्हापुन्हा पाहिलं. एकही खूण चुकलेली नाही. तो गोड बोलला, मी गोड दाखवलं. तरी मनाला पटत नाही. मी शब्द मोडायला हवा होता का रे? रागावला असशील तर रागाचं पत्र लिही, पण लिही.

वाट बघते.
ताई


१८ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावलो नाही. लिहायला हात धजत नव्हता.

तू चुकली नाहीस. परवा जेवणघर रिकामं झाल्यावर मी आणि शिंपीमास्तरांनी तेच चित्रीकरण लावलं आणि तुझ्या चौकटीवर पुठ्ठा चिकटवला. त्या माणसाचा चेहरा आम्ही तेव्हा कुठे पहिल्यांदा पाहिला. शाळेचा प्रश्न आला तसं त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग कागद सारखे केले, मग पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. कुणालाही कळलं असतं. एवढ्या मोठ्या पडद्यावर तो होता आणि आमच्यातल्या एकानेही त्याच्याकडे बघितलं नव्हतं. आम्ही मत त्याला दिलंच नाही, ताई. तुला दिलं.

काकांची माफी मागितली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि चहा टाकला.

काल चिमणीचा बाप तिला न्यायला आला. साधा, प्रेमळ माणूस. ती फाटकापर्यंत मागे वळून काहीतरी सांगायला बघत होती. रस्त्यावर गाड्यांची गर्दी फार. पोर धडपडू नये म्हणून त्याने तिचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते.

तुझ्यावरची माया तशीच आहे. पुढच्या चर्चेलाही उभी राहा.
तुझा,
धाकटा