मुग्धाच्या लहानपणीची झोप

सोम. ३ नोव्हें., डार्मश्टाट
मुग्धा: पहाटे चारला डोळा लागला, सातला उठली. जावई श्रीपादराव: सर्दी. सौ. (नाशिकहून, फोनवर): बरी, पाय सुजतो. मी: ठीक. विशेष काही वाटत नाही.
मुग्धाची एडीएचडीची (लक्ष टिकत नाही, वस्तू हरवतात, तो त्रास) तपासणी चालू. लहानपणापासून असावं लागतं म्हणे, म्हणून आईवडिलांना डॉक्टरीणबाईंचा फॉर्म. गेल्या आठवड्यात मीच भरला, फोनमधल्या अॅपवर भाषांतर करून.

बुध. ५
उत्तर आलं. लहानपणी लक्षणं दिसत नाहीत, निदान करता येत नाही. मुग्धाने माझा फॉर्म मागवून वाचला.
"बाबा, 'शांत, टापटीप, लवकर उठणारी'? स्थळ बघताय का माझं?"
श्रीपादराव हसले. ती नाही.
खरंच, लग्नाच्या वेळचं परिचयपत्रकच हातातून उतरलं. परक्याला मुलीचं उणं कसं सांगायचं?

शुक्र. ७
वाचतोय. कारखान्यात मशिनींची मॅन्युअलं वाचूनच शिकलो, हेही जमेल. एडीएचडीवाल्यांना झोपेचाही त्रास असतो, पूर्वी तो बराचसा त्यावरच्या गोळ्यांच्या माथी मारायचे. आता शरीराचं घड्याळच उशिरा लागलेलं असतं का, ते बघतायत. सकाळी उजेड देऊन पाहतायत. मोठ्या माणसांवर संशोधन कमी, बायकांवर आणखी कमी.
मुग्धा दुसरीत होती. रोज साडेपाचला तोंडावर पाणी मारायचो. आळशी म्हणायचो, पाहुण्यांदेखत...
रडू येईल वाटलं. नाही आलं. चहा टाकला.

रवि. ९
मुग्धाला म्हटलं, नव्याने लिहून देतो.
"खरं लिहाल? ऑफिसात उशिरा यायची सवलत त्या निदानाच्या कागदावर अडलीय. पुन्हा पहिल्यापासून रांग लावायचं त्राण नाही माझ्यात."
"खरंच लिहितो."
"पाण्याचंही?"
"तेही."
"गेनाऊ." म्हणजे बरोबर, इथलं. "बघू." भांडी लावायला गेली.

सोम. १०
मसुदा. जर्मन श्रीपादराव करून देतील:
डॉक्टरबाई, आधीचा फॉर्म चुकीचा आहे. मुलीला रात्री एक-दोनपर्यंत झोप यायची नाही. वर्गात बाकावर झोपायची. वह्या, डबा, चप्पल, काही ना काही रोज हरवायची. शाळेतल्या बाईंनी दोनदा बोलावलं, मी घरी येऊन तिलाच मारलं. पाणी मारून उठवायचो. हे कुणाला सांगितलं नव्हतं. चूक बापाची, मुलीची नाही. तिला पुन्हा तपासाल का? नाही म्हणायचं असलं तरी चालेल, पण दोन ओळी लवकर लिहा. ती रोज टपालपेटी उघडून बघते.