गाडीपुरता पिक्चर

माय, परवा माझ्या लेकीने टीव्हीवर आपला तो मायलेकाचा पिक्चर लावला, आणि शेवट यायच्या आत मी उठून भाकरी टाकायला गेले. तुला जाऊन आठ वर्षं झाली, तरी त्या शेवटासमोर मला बसवत नाही. का, ते तुला कधी सांगितलं नाही.

मी पाचवी-सहावीत असेन. बाजाराच्या दिवशी आपण दोघी वसमतला तीनचा खेळ बघायचो. शिरड शहापूरला घरी परतायची गाडी साडेपाचला आणि पिक्चर सुटायचा सहाला, त्यामुळे शेवट कधी आपल्या पदरात पडलाच नाही. ऐन रंगात आलेलं असताना तू माझं मनगट धरून अंधारात पायऱ्या उतरायचीस. अर्धवट राहिलेल्या कशालाही आपल्या घरात 'गाडीपुरतं' म्हणतात, ते तेव्हापासून. दुसऱ्या दिवशी खुरपताना बायका विचारायच्या, "मंग ते पोरगं आलं का न्हाई मायकडं?" तू मान वर न करता सांगायचीस, "आलं की. जेवूनच गेलं." तुझ्या प्रत्येक शेवटात कुणीतरी जेवायला बसायचंच, खलनायकसुद्धा. मी तोंड दाबून हसायचे. थापा मारण्यात तुझा हात कुणी धरला नसता.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन थोडेच दिवस उरल्याचं सांगितलं, तेव्हा मला दुसरं काही सुचेना. रोज दुपारी जेवणाच्या डब्याला मोबाईल टेकवायचा, इअरफोनचं एक टोक तुझ्या कानात, एक माझ्या, आणि जुने पिक्चर बघत बसायचं. शेजारच्या खाटेवरची बाई एकदा बोललीच, "काहून गं, माय अशी पडलेली अन् तू पिक्चर बघून राहिली?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू म्हणालीस, "मीच म्हणलं तिला. तुमी बी सरका इकडं." दुसऱ्या दिवसापासून तिलाही ऐकू यावं म्हणून इअरफोन काढून ठेवावा लागला.

मग तू तो मायलेकाचा पिक्चर मागितलास. मी आधी जिन्यात बसून एकटीनेच त्याचा शेवट पाहिला. पोरगं येतं, पण एक दिवस उशिरा. माय गेलेली असते. मी तिथेच पायरीवर रडले. दुसऱ्या दिवशी तो प्रसंग जवळ आला तसा मी मोबाईल बंद केला.

"काहून बंद केलंस?"

"चार्जिंग संपली, माय."

"मंग पोरगं आलं का?"

"आलं की. जेवूनच गेलं."

तू हळूच हसलीस. "हे तर माझंच हाय." जरा वेळाने म्हणालीस, "असू दे. गाडीचा टाईम झालाच." चौथ्या दिवशी तू गेलीस.

हा कागद मी कुठे धाडणार? घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवते. एवढंच सांगायचं राहिलं होतं, की चार्जिंग निम्मी बाकी होती. तू बघितलंही असतंस सगळं. शेवटाला भ्याले होते ती मी.