लपणात बसण्याची माझी पात्रता

२ मार्च
पक्षीमंडळाची मीटिंग. महिनाअखेरीस गिधाडांची गणना. फांद्यांनी झाकलेल्या खोपटात, म्हणजे लपणात, दिवसभर गप्प बसायचं. सचिव म्हणाला, बाई, तुम्ही ऑफिसात आकडे जुळवा, लपण तब्येतीला झेपायचं नाही. हा माझाच विद्यार्थी. वर्गात पाच मिनिटं एका जागी टेकत नसे. मी सांगितलं, चार दिवस बसून दाखवते. एक गिधाड जवळून पाहिलं, तर गणनेत माझी जागा पक्की. 'हो' म्हणाला. न म्हणून जातो कुठे?

३ मार्च
संकल्प : रोज पहाटे चालणे. चहा एकदाच.

४ मार्च
मोहिमेआधी पाय जपले पाहिजेत. चालणं रद्द. चहाने तरतरी येते, तीनदा.

७ मार्च, सकाळ
लपणात दाखल. समोर खडकावर मेलेली मेंढी. सोबत हे. वास आहे. मला वासाचं काही वाटत नाही.

संध्याकाळ
डबा तसाच परत आणला. गिधाड नाही. दुपारी डोळे मिटून कान तीक्ष्ण केले होते. हे म्हणतात, घोरत होतीस, रान दणाणलं. ह्यांना मुळात ऐकू कमी येतं.

८ मार्च
ह्यांना घरी ठेवलं. त्यांच्या गोळ्यांच्या कागदाची चुरचुर पक्ष्यांना खपत नसणार. आज एकटी, पूर्ण सावध. दुपारी उठले (म्हणजे उभी राहिले) तर मेंढी अर्धी गायब. कुत्र्याचं काम. खडकावर पांढरी घाण. कुत्र्याचं पोट बिघडलंय. शेजारी हातभर लांब पीस. कुत्र्याने कोंबडीही मारलेली दिसते. चांगली थोराड कोंबडी.

९ मार्च
आज उरल्यासुरल्या मेंढीवर फक्त माश्या. गुडघे धरले. दोष स्टुलाचा. सूनबाई म्हणते, आई, पुरे झाला हट्ट, डॉक्टरांनी काय सांगितलंय? तिला म्हटलं, मी काटक आहे, डॉक्टरच खोकत असतात. सचिवाचा निरोप : उद्या समोरच्या टेकडीवरून तो दुर्बिणीतून बघणार. बघ म्हणावं, डोळे भरून बघ.

१० मार्च, शेवटचा दिवस
नवी मेंढी. लपणात कोंदट. पाठीला रग लागली. बाहेर सावलीत खडकावर आडवी झाले, पाठ सरळ होण्यापुरती. टोपी तोंडावर. झोप नव्हे, विश्रांती. मोठी फडफड झाली. टोपी काढली तर हाताच्या अंतरावर गिधाड! मान वाकडी करून मला न्याहाळत होतं. मेंढीकडे चक्क पाठ. वर्गात ओरडायची तशी ओरडले. उडालं. तरी निरीक्षण झालं, आणि तेही सचिवाच्या डोळ्यांदेखत. जागा पक्की.

११ मार्च
सचिवाचा फोन. मला ऑफिसात आकडे जुळवायचं काम. म्हटलं, गिधाड जवळून पाहिलं की नाही? मग अट पुरी झाली. आणि तब्येत माझी ठणठणीत आहे. तो म्हणाला, बाई, मला पटतं हो. पण त्या गिधाडाला पटलेलं दिसलं नाही.

गिधाडाची नजर फार तीक्ष्ण असते, असं पक्ष्यांच्या पुस्तकात छापलंय. उद्या लायब्ररीत जाऊन पुस्तक बदलते.