पायरीवरचं ऊन

३ मार्च, सोमवार

परत आला मेला! बिल्डरचा माणूस. बोलणं असं की साखरेची सुरी. मी त्याचं नावच सुरी ठेवलंय. आला तो सरळ माझ्या बटणांच्या काउंटरवर नकाशा पसरून मोकळा. आमची ही दुकानांची ओळ पाडायची आणि इथे चार मजली झगमगीत बाजार उभा करायचा — सरकता जिना, थंड हवा, काचाच काचा. ओळीतल्या प्रत्येकाला आत एकेक दुकान. अट एकच, सगळ्यांच्या सह्या हव्यात. बाकी सगळे तयार आहेत. घोडं अडलंय माझ्यापाशी.

"मावशी, तुमची अडचण तरी काय?"

मावशी म्हणे! केस माझ्याइतकेच पिकलेत त्याचे.

म्हटलं, ऊन. तुझ्या नकाशात ऊन कुठंय ते दाखव. हसायला लागला. हसू दे. दोरा, अस्तर, लेस, बटण — माझ्याकडून रंग जुळवून न्यायला माणसं शहराच्या पार टोकाहून येतात. आणि दिव्याखाली जुळवलेला माल मी देत नाही. कापड घ्यायचं, दोरा घ्यायचा, पायरीवर यायचं, उन्हात धरायचं. मगच पुडी बांधायची. सासूबाईंनी घालून दिलेली रीत. "दिव्याखाली जुळलेलं घरी जाऊन भांडतं," म्हणायच्या. हे गेले, सासूबाई गेल्या, रीत राहिली. ती काय सरकत्या जिन्यावर नेऊन ठेवू?

६ मार्च, गुरुवार

मिनिटभाऊ रुसलाय. शेजारचा घड्याळवाला. गिऱ्हाइकाला "एक मिनिट" म्हणतो आणि आठवडा लावतो, म्हणून सगळ्या ओळीचा तो मिनिटभाऊ. दुकान कसलं, जिन्याखालचा खण. वरून पाणी गळतं, घड्याळांवर ताट पालथं घालून बसतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो कधी दिसलाच नाही. त्याला नवी जागा हवी आहे, आणि ती माझ्यामुळे अडली आहे.

चहा पाठवला तर कप तसाच परत. वर निरोप — "वहिनींना म्हणावं, ऊन प्या."

लागलं मला. हसूही आलं, खोटं कशाला बोलू!

७ मार्च, शुक्रवार

सूनबाईचं काय चाललंय कळत नाही. मी पुडी बांधून गिऱ्हाइकाकडे सरकवली की ही मधेच उचलते, मागे जाते, पुन्हा बांधून आणते. आज विचारलंच. "काही नाही आई, रिळाला गाठ पडली होती."

बऱ्या रोज गाठी पडतात! नवा मालच टाकाऊ आहे, दुसरं काय. आणि तो दुकानातला बल्ब! सगळं पिवळट, मळकं दिसतं. बदल म्हटलं तर म्हणते, परवाच बदलला.

१० मार्च, सोमवार

जिंकले!!

सुरीने सगळ्या ओळीला त्याच्या ऑफिसात बोलावलं होतं. तिथे नमुन्याचं दुकान सजवलंय, नव्या बाजारात बसवणार तेच पांढरे दिवे लावून. सूनबाईला दुकानात बसवलं आणि गेले. "बघा मावशी, दिवसासारखा उजेड!" म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? इथेच जुळवून दाखवते. आमची नेहमीची शिंपीण बरोबर होती. तिच्याकडे लग्नाच्या झग्याचं फिकट जांभळं कापड होतं. दोऱ्यांचा डबा मी नेलाच होता. सगळ्यांदेखत रीळ काढलं, कापडावर ठेवलं. तंतोतंत! मग म्हटलं, चला आता बाहेर, रस्त्यावर.

उन्हात धरलं आणि शिंपीण ओरडलीच, "अगं बाई! हा तर करडा!" मिनिटभाऊने भिंग लावून पाहिलं. करडाच. मला पहिल्यांदा फरक दिसला नाही खरं तर, पण चारचौघं सांगायला लागल्यावर दिसला. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. दिव्यांनी फसवलं! सुरीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

ओळ आता माझ्या बाजूने आहे. मिनिटभाऊसुद्धा. परत येताना म्हणाला, "वहिनी, तुमचा डोळा तिथे चुकला म्हणजे उजेडच खोटा." बरं वाटलं फार.

१३ मार्च, गुरुवार

सुरी शेपूट घालून आला. नवा नकाशा. तळमजल्यावर एक दुकान आहे, रस्त्याच्या तोंडाला, पुढे अख्खी काच, सकाळचं ऊन थेट आत. असं एकच. ते कुणाला, यावरून उगाच भांडणं नकोत म्हणून सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या.

मला मागचं निघालं. सरकत्या जिन्यामागचं, भिंतीला तोंड केलेलं. 

काचेचं मिनिटभाऊला! म्हातारा नाचला अक्षरशः. "आता लोक मला बघतील! काचेत बसणार मी, काचेत!" त्याला हसून टाळी दिली. घरी येऊन न जेवता पडले. सूनबाई उशाशी बसून होती. काहीतरी सांगायला लागली, तेवढ्यात मीच म्हटलं, सही करणार नाही. अडू दे सगळ्यांचं.

मग मिनिटभाऊचं ते नाचणं आठवलं. माझीच लाज वाटली.

१५ मार्च, शनिवार

 मिनिटभाऊ सकाळी आला. उभ्या उभ्या बोलला, नजर बटणांवर.

"वहिनी, काचेचं तुम्ही घ्या. मी मागे बसतो."

म्हटलं, वेड लागलंय का भाऊ?

"मला काय, एक दिवा आणि भिंग. घड्याळाला ऊन चालतही नाही. तुम्हाला मात्र उन्हावाचून जमणार नाही, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. जन्मभर जिन्याखाली बसलो, आता जिन्यामागे. तेवढीच बढती!"

स्वतःच हसला. मला हसता येईना, हुंदकाच फुटला. देवमाणूस आहे. मी नको नको म्हटलं — पण खरं सांगायचं तर एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला जीभ रेटेना.

सूनबाई पटकन आत निघून गेली. तिलाही भरून आलं असणार.

१८ मार्च, मंगळवार

सह्या झाल्या. सुरीने बजावलं, "आता अदलाबदल नाही हं मावशी, नकाशा पक्का." म्हटलं, पक्काच हवा.

१९ मार्च, बुधवार

बांधाबांध. बटणांचे डबे सूनबाई भरतेय. माझ्याशी धड बोलत नाही. जुनं दुकान सोडवत नसेल.

२२ मार्च, शनिवार

शिंपीण निळं कापड घेऊन आली. कोरं रीळ मीच उघडलं, पायरीवर गेले, लख्ख उन्हात धरलं, जुळलं, पुडी बांधली. सूनबाईने ती उचलली. आत्ताच उघडलेल्या रिळाला गाठ कुठून येणार? तिचा हात धरला. म्हटलं, दाखव गाठ.

गाठ नव्हती. शिंपीण खाली बघायला लागली.

"आई... हा हिरवा आहे."

कधीपासून?

"मागच्या थंडीपासून," म्हणाली आणि रडायलाच लागली पोर.

पलीकडे मिनिटभाऊ शीळ घालत घड्याळं खोक्यात भरतोय. मागच्या दुकानासाठी.