सतरा नंबरचा शिक्का

ता. ४ मार्च

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न.

आज हिला बापाची आठवण कशी झाली, असं म्हणाल. म्हणा. काम अडलंय म्हणूनच लिहितेय.

तुमच्या कंपनीने ब्रेक न तपासताच गाड्या विकल्या, ही बातमी इथे परदेशातही प्रत्येक पेपरात आहे. आम्ही विकतो पाण्याचे पंप, तेही दुसऱ्याच कारखान्याचे. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. पूर्वी आपल्या देशाचं नाव ऐकलं की गिऱ्हाईक विश्वासाने माल घेई, खोकंसुद्धा उघडून बघत नसे. आता एकेक पंप खोलून तपासतात आणि मी परक्यासारखी कोपऱ्यात उभी असते. सगळ्यात जुनं गिऱ्हाईकही चुळबुळ करतंय. ते गेलं तर हे ऑफिस बंद, म्हणजे माझं इथलं बस्तान उठलं.

माझे वडील तिथे एकतीस वर्षं ब्रेक तपासत होते, असं मी त्या गिऱ्हाइकाला सांगितलंय. तुमच्या हातून एकही गाडी न तपासता गेली नाही, एवढं सहीनिशी लिहून पाठवा.

गोळ्या वेळेवर घ्या.

ठमी

ता. १९ मार्च

चि. ठमाबाईस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून पाचव्यांदा मोठ्याने वाचलं.

तो कागद मला देता येणार नाही. आम्हा प्रत्येक तपासनिसाला स्वतःच्या नंबरचा शिक्का असे, माझा सतरा. रजेवर जाणारा तो शेजारच्याकडे ठेवून जाई, काम अडू नये म्हणून. त्यात काही वावगं आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. तुझी आई शेवटी दवाखान्यात होती, ते अकरा दिवस मी तिच्या उशाशी होतो. परत आलो तर वहीत चारशे गाड्यांपुढे माझा सतरा. त्या कोणी तपासल्या, तपासल्या तरी का, मी विचारलं नाही. हजेरीही शिक्क्यावरूनच लागायची, त्यामुळे त्या वर्षी एकही रजा न घेतल्याबद्दल मला प्रमाणपत्र मिळालं. मी ते गुपचूप घेऊन भिंतीवर लावलं. मी दवाखान्यात तिच्याजवळ होतो हे तुला सांगितलं असतं तर शिक्क्याचंही सांगावं लागलं असतं. लाज वाटली, पोरी.

काल चौकशी समितीपुढे सगळं सांगून आलो. जुने सोबती आता मला पाहून रस्ता बदलतात. जबाबाची नक्कल सोबत आहे. गिऱ्हाइकाला दाखवायची की फाडायची, तूच ठरव.

रागावलीस तरी उत्तर धाड.

बाबा

ता. ७ एप्रिल

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न.

नक्कल तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. फाडवेना. शेवटी भाषांतर करून दाखवली. गिऱ्हाइकाने शांतपणे वाचली, घडी घालून परत दिली. तुमचे वडील खरे आहेत, पण पंप आता दुसऱ्या देशाचे घेऊ, असं म्हणाले. महिनाअखेर ऑफिस बंद होतंय.

मी रडले ती त्यासाठी नाही. आईच्या वर्षश्राद्धाला मी आले तेव्हा भिंतीवर ते प्रमाणपत्र पाहिलं. ती जात होती आणि तुम्ही कारखान्यात होतात, असं धरून चालले. नऊ वर्षं तुमच्याशी कामापुरतं बोलले, रजा असूनही घरी आले नाही. एकदा तोंडावर विचारायचं, तेही केलं नाही.

सामान बांधतेय. आल्यावर मला बाकी काही समजावू नका. त्या अकरा दिवसांत आई काय काय बोलली, तेवढं सांगा.

तुमची ठमी