गॅरेजची भिंत

दादा,

मी कामावर निघालेय, गाडी घेऊन. तोंडावर बोलले असते तर सकाळी सकाळी भांडण झालं असतं, म्हणून लिहून ठेवतेय.

गॅरेजची भिंत कोणाला विचारून रंगवलीस? वर म्हणे, पेन्सिलीच्या रेघोट्या घाण दिसत होत्या! अरे, रेघोट्या नव्हत्या त्या. ऑइल कधी बदललं, पुढचे टायर मागे कधी टाकले, कूलंट कधी भरलं, सगळं किलोमीटरसकट तिथे लिहिलेलं होतं. त्या भिंतीकडे बघून मी वेळच्या वेळी कामं करते, म्हणून ही गाडी तीन लाख ऐंशी हजार किलोमीटर चाललीय आणि मिस्त्रीला अजून इंजिन खोलावं लागलेलं नाही. तू दर चार वर्षांनी नवी गाडी घेतोस आणि हिला नावं ठेवतोस!

माझ्या ओळी मी मिस्त्रीला विचारून पुन्हा लिहीन. पण वरच्या सगळ्या बाबांच्या हातच्या होत्या. शेवटची तर त्यांनी दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी लिहिली होती, ‘वायपर बदलले’. त्या आता कुठून आणू?

उरलेला रंग आणि ब्रश मी डिकीत टाकून नेतेय. आज सकाळी ऑइल बदललं, तेही भिंतीवर लिहिलंय. पेन्सिलीने नाही, खिळ्याने. वर हातभर जागा कोरी ठेवलीय. ती बाबांची आहे. तिथे बोटसुद्धा लावू नकोस.

धाकटी