मालकिणीचं माप

३ फेब्रुवारी १९५७, रविवार

मुंजाजी गवंडी आज नाही म्हणून गेला! न्हाणी बांधतो म्हणाला, पण उभ्याची चूल नाही. "वैनी, चूल भुईवरच आसती. मी वर चढिवली तं अख्खं वालूर मला हसंल."

हसू दे की. परभणीला डॉक्टरीणबाईंच्या घरी मी डोळ्यांनी बघून आलेय — विटांचा ओटा, वर शहाबादी फरशी, फरशीवर चूल. बाई उभी राहून भाकरी करते. मुंजाजीला 'ओटा' म्हटलं तर म्हणतो, ओटा दाराम्होरं आसतो, घरात कशाला?

गेल्या वर्षी संक्रांतीला माळवदाच्या शिडीवरून पडले, तेव्हापासून उजवा गुडघा वाकत नाही. डॉक्टर म्हणाले, आता वाकणारही नाही. म्हणजे मी जन्मभर चुलीपुढं बसायचं नाही.

४ फेब्रुवारी

सासूबाईंचं दिवसभर तेच. "मी हाय की आजून. बसून करते. तुला कोन काय म्हनलं का?"

कोणी काही म्हणत नाही, हेच तर दुखणं आहे. वर्ष झालं, मी आयतं ताट घेऊन जेवते. यांच्या पानात माझ्या हातची भाकरी पडलेली नाही. स्वतःच्या घरात पाहुणी झालेय. मला माझी चूल परत हवी, बस्स.

७ फेब्रुवारी, गुरुवार

यांनी मुंजाजीला पुन्हा बोलावलं. आज त्यानं खरी अडचण सांगितली — पळाटी. आपण जाळतो कापसाची पळाटी, वेचणीनंतरच्या वाळक्या काड्या, हातभर लांब. भुईवर चूल असली की ती भुईला टेकते. ओट्यावर तिचं निम्मं अंग हवेत लोंबणार, जळकं टोक खाली पडणार. "लुगडं पेटंल वैनी, आन् नाव माजं व्हईल."

माणूस उगीच हटून बसला नव्हता. मग त्यानं स्वतःच एक पळाटी उचलली, जमिनीवर उभी-आडवी ठेवून बघितली, आणि म्हणाला, "चुलीचं तोंड आडवं काढू. ओटाच लांबवू. पळाटी ओट्यावरच निजंल."

मला इतका आनंद झाला की त्याला चहा पाजला. केला अर्थात सासूबाईंनी.

८ फेब्रुवारी

न्हाणीच्या भिंतीवरून भांडण. तो म्हणतो खांद्याइतकी पुरे. मी म्हणते, डोक्याच्या वर हातभर, आणि दाराला आतून कडी. ही लढाई मी जिंकले.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

हे कापूस घेऊन सेलूला गेले. जाताना मुंजाजीला सांगितलं, "ओटा मालकिणीच्या मापानं बांध." मला 'मालकीण' म्हणाले! मी ऐकलं नाही असं दाखवलं.

नेमकी आजपासून मी बाजूला. चार दिवस आत पाय टाकायचा नाही.

१३ फेब्रुवारी

बाहेर बसलेय. आतून विटांवर थापी वाजते. कानाला गोड लागतं.

१६ फेब्रुवारी, शनिवार

न्हाऊन आत गेले. ओटा झालाय — गुळगुळीत, लांबलचक, धुराड्यातून उजेड पडलेला. पुढं जाऊन उभी राहिले, तर माझ्या कंबरेच्या चांगला सहा बोटं खाली! ताठ पाय घेऊन वाकायचं, म्हणजे दोन भाकऱ्यांत कंबर मोडली.

मुंजाजीशी भांडले. त्यानं दोरीच दाखवली, गाठ मारलेली. "मालकिनीलाच उबं केलं, कंबरंला दोरी लावली, गाठ मारली."

"कुठल्या मालकिणीला?"

"कोन्ती म्हंजी? तुमी वैनी. घरात मालकीन येकच."

सासूबाई! माझ्या खांद्याला लागतात जेमतेम. ज्यांना उभ्याची चूल नकोच होती, त्या मापाला उभ्या राहिल्या! त्या सुपात डाळ निवडत होत्या. मान वर केली नाही. मी फार टाकून बोलले. "मला परत चुलीपाशी येऊच द्यायचं नव्हतं ना?" असंही बोलले. मग न्हाणीत जाऊन कडी लावून रडले. त्या कडीचा हा पहिला उपयोग.

१७ फेब्रुवारी

हे परत आले. म्हणाले, तोडा नि पुन्हा बांधा. मुंजाजी घुश्शात — फरशी फुटंल, मी जबाबदार न्हाई.

दुपारी सासूबाईंना चुलीपुढून उठताना बघितलं. भिंत धरली, एकदा उठल्या, परत बसल्या. दुसऱ्यांदा उठल्या. दात आवळलेले. वर्षभर मी माझाच गुडघा बघत बसले. लाज वाटली.

"आत्याबाई, कधीपासून दुखतंय?"

"सात वर्सं. सांगून काय करायचं? आन् तू पडल्यावर तं सांगायची सोयच ऱ्हायली न्हाई." मग गुडघा चोळत, "त्यो दोरी घिऊन आला. म्हनलं, उबी तं ऱ्हाऊन बघावं. लय बरं वाटलं गं. म्हनून बोलले न्हाई."

मी यांना सांगितलं, ओटा तोडायचा नाही. मी वाकेन.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

ओटा वाळला. चूल पेटली! सासूबाईंनी उभ्यानं अकरा भाकऱ्या केल्या, मधेच काहीतरी गुणगुणत होत्या. मी वांग्याची भाजी केली, वाकून. हे म्हणाले, मीठ पूर्वीसारखंच कमी आहे.

कंबर फार दुखते. कुणाला सांगणार नाही.

२१ फेब्रुवारी

मुंजाजी न्हाणीची कडी नीट करायला आला होता. सासूबाईंनी त्याला आत बोलावलं. "फरशी सांभाळून काढ. येक थर चढव. आन् म्होरं मला उबं ऱ्हायला पायरी कर."

"आन् माप?"

"मालकिनीचं घे."

तो दोरी घेऊन त्यांच्याकडेच वळला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला ओट्यापुढं उभं केलं. मुंजाजीनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग जुनी गाठ सोडली.